घाटात थांबलेली गाडी

सह्याद्रीच्या पायथ्याचे कोकण आणि माथ्यावरचा देश यांना जोडणारे जे मोजके घाटरस्ते महाराष्ट्राच्या वाट्याला आले आहेत, त्यांच्याइतकी कठोर आणि निःपक्षपाती परीक्षा वाहनाची दुसरे कोणी घेत नाही. बोरघाटाचाच दाखला घ्यावा. १८३० साली, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, चाकाची वाहने जाऊ शकतील असा रस्ता या घाटातून खुला झाला. २००२ साली त्याच डोंगरातून सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्णत्वाने रहदारीस मिळाला. मधल्या काळात बैलगाडी जाऊन मोटार आली, खडीच्या जागी काँक्रीट आले, वळणे सरळ झाली आणि बोगदे खोदले गेले. परंतु खोपोली आणि खंडाळा यांच्या उंचीतला सुमारे पाचशे मीटरचा फरक होता तेवढाच राहिला. त्या उंचीचे मोल चढताना इंजिनाकडून वसूल होते आणि उतरताना ब्रेककडून.

एरवी दादर-परळच्या किंवा कोथरूड-चिंचवडच्या रस्त्यांवर महिनोन्महिने तक्रार न करता धावणारी गाडी मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी पाच माणसे, भरलेली डिकी आणि अखंड चालणारा एसी यांचा भार घेऊन घाट चढू लागते व निम्म्यावर येऊन थांबते, तेव्हा तिचा मालक 'अचानक बंद पडली' असे म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असते. पण कडक होऊन चिरा पडलेली रबरी नळी, कधी फिरणारा आणि कधी न फिरणारा रेडिएटरचा पंखा, मुदत उलटून गेलेले कूलंट, यांपैकी कोणती ना कोणती उणीव कित्येक महिने आधीच त्या बोनेटखाली मुक्कामाला आलेली असते. सपाटीवर तिला वाव मिळत नाही, तो घाटात मिळतो. म्हणून वाहनाची निगा ही घरी, वेळेवर आणि निवांतपणे राखण्याची गोष्ट आहे. आणि निगा राखूनही गाडी थांबलीच, तर त्या क्षणापासून गाडीची चिंता दुय्यम मानून माणसांची चिंता प्रथम करणे हा त्याहूनही निकडीचा विषय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते ती थोडीच. ढोबळमानाने तिचा एक-तृतीयांश भाग धुराड्यातून निघून जातो आणि जवळजवळ तेवढाच भाग इंजिनाभोवती खेळणारे पाणी शोषून घेऊन रेडिएटरवाटे हवेत सोडून देते. चढावर इंधन अधिक जळते, वेग मात्र कमी असल्यामुळे रेडिएटरवर वारा कमी येतो. त्यात उन्हाळ्याची भर पडली म्हणजे ही सगळी व्यवस्था तिच्या शक्तीच्या शेवटच्या मर्यादेवर काम करू लागते. साधे पाणी १०० अंशांवर उकळते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल अशा कूलंटचा उत्कलनबिंदू त्याहून थोडा वर असतो, आणि रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवून तो १२० अंशांच्याही पुढे नेते. नळी चिरली, झाकणाचे रबर झिजले किंवा कूलंटच्या जागी वर्षानुवर्षे नळाचे पाणी ओतले गेले, तर हे संरक्षण नाहीसे होते. शिवाय नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि आतून गंज चढतो, तो निराळाच. कूलंटची पातळी पारदर्शक टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे की नाही हे पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि ते इंजिन थंड असताना पाहायचे असते.

तापमानाचा काटा वर चढू लागला, किंवा तसा काटाच नसलेल्या हल्लीच्या गाड्यांत तापमानाचा लाल दिवा लागला, की एसी तत्काळ बंद करावा. केबिन गरम करणारा हीटर पूर्ण शक्तीने सुरू केला तर इंजिनातली काही उष्णता आत ओढली जाते. बसणाऱ्यांना ते असह्य वाटेल, पण सुरक्षित जागा गाठण्यापुरता वेळ त्याने मिळतो. बोनेटमधून वाफ दिसू लागली तर इंजिन बंदच करावे. त्यानंतर घाईने रेडिएटरचे झाकण उघडणे हा प्रकार आपल्याकडे अजूनही सर्रास घडतो आणि त्यातून हात, तोंड, छाती भाजून आयुष्यभराचे व्रण उरतात, म्हणून त्याविषयी निःसंदिग्ध शब्दांत लिहिले पाहिजे. दाबाखाली असलेले, शंभर अंशांहून अधिक तापलेले ते द्रव झाकण सैल होताच एका क्षणात वाफ होऊन बाहेर उसळते. फडके गुंडाळून धरलेला हात त्यापासून वाचत नाही. निदान अर्धा तास, आणि शक्य असेल तर अधिक, थांबावे. वरची नळी हाताला सहन होण्याइतकी थंड लागल्यावरच झाकणाला हात लावावा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, कारण एका भागाचे एकाएकी आकुंचन होऊन धातूला तडा जातो. आणि पाणी भरून गाडी पुन्हा सुरू झाली तरी 'चालते आहे' एवढ्यावरून पुढची मजल मारू नये. पाणी कोठे गेले याचा शोध लागेपर्यंत तिचा रस्ता जवळच्या गॅरेजपर्यंतच असावा.

घाट उतरण्याची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण चढावर बिघडलेली गाडी थांबते आणि उतारावर बिघडलेली गाडी थांबत नाही. प्रवाशांसह १,२०० किलो वजनाची एक साधारण मोटार पाचशे मीटर खाली येते तेव्हा तिने गमावलेली ऊर्जा सतरा लिटर पाणी नळाच्या थंडाव्यापासून उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी असते. हवेचा आणि टायरांचा विरोध तिच्यातला काही वाटा उचलतो. उरलेली सगळी उष्णता, चालकाने गाडी केवळ ब्रेकवर उतरवली तर, चार चाकांतल्या ब्रेकच्या थोड्याशा लोखंडाला पचवावी लागते. ब्रेकचे पॅड एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड सुटू लागते. पेडल दाबावे तितका परिणाम दिसत नाही आणि जळक्या वासाने गाडी भरून जाते.

याहून घातक अवस्था ब्रेक ऑइलची असते. हे द्रव हवेतला ओलावा सतत शोषून घेते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटावे तसा हा शोषणाचा क्रम बंद टाकीतही संथपणे चालूच राहतो. डॉट ४ या प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलेल्या द्रवात वाफेचे बुडबुडे तयार होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पायाखालचे पेडल कोठेच न अडता तळाला जाते. ज्या वस्तूवर कुटुंबाचा जीव अवलंबून आहे ती दर दोन वर्षांनी बदलण्यास फारसा खर्चही येत नाही, तरी सर्व्हिसिंगच्या पावतीवर ही नोंद किती थोड्या वेळा आढळते, हे पाहून मन खरोखर अस्वस्थ होते.

जुन्या चालकांचा एक दंडक होता, आणि एसटीच्या गाड्यांनी तो पिढ्यान् पिढ्या पाळला: ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचे. त्यामागचे शास्त्र अगदी साधे आहे. खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचते आणि उष्णतेचा मोठा वाटा ब्रेकऐवजी इंजिन उचलते. ब्रेक मग अधूनमधून, ठामपणे आणि थोड्या वेळासाठी लावायचे, म्हणजे मधल्या अवकाशात ते निवतात. ऑटोमॅटिक गाडीत हेच काम 'एल' हा खालचा टप्पा किंवा हाताने गिअर निवडण्याची सोय करते. या दंडकाच्या नेमकी उलट अशी, घाट न्यूट्रलमध्ये उतरवून पेट्रोल वाचवण्याची, जी समजूत आहे, ती कार्ब्युरेटरच्या काळात निदान हिशेबापुरती तरी खरी असेल. आज तीही उरलेली नाही. इंधन फवारणीच्या आधुनिक इंजिनात गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधनाचा पुरवठा पूर्णपणे थांबतो, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. म्हणजे बचत होत नाहीच, आणि इंजिनाचा रोध गमावून जोखीम मात्र पदरात पडते. कोणी इंजिनच बंद करून उतरत असेल तर ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत तो स्वतःच्या हाताने काढून टाकतो.

ब्रेक खरोखरच लागेनासे झाले तर पेडल भराभर दाबत राहावे. बुडबुड्यांतूनही कधी कधी थोडा दाब परत मिळतो. गिअर एकेक पायरीने खाली आणावे. हँडब्रेक एकदम ओढू नये, कारण मागची चाके जखडून गाडी फिरते. त्याचे बटन दाबून धरत तो हळूहळू वर घ्यावा, आणि हँडब्रेकच्या जागी विजेचे बटन असलेल्या गाडीत ते सतत धरून ठेवावे. किल्ली कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये. इतके करूनही वेग आवरला नाही तर दरीची बाजू टाळून डोंगराच्या बाजूच्या गटाराला, मातीला, कठड्याला गाडी तिरपी घासत न्यावी. गाडीचे नुकसान होईल, आणि ते होऊ द्यावे.

टायरांविषयी एक गैरसमज इतका दृढ झाला आहे की त्याच्या निरसनासाठी थोडी जागा दिलीच पाहिजे. उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला निघताना टायर 'तापून फुटू नयेत' म्हणून हवा मुद्दाम कमी करणारे पुष्कळ लोक आहेत. वस्तुतः टायर फुटण्याचे एक मोठे कारण कमी हवा हेच आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते. एका मिनिटात शेकडो वेळा होणाऱ्या या वाकण्यातून उष्णता निर्माण होते, रबर आणि आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि शेवटी टायर फाटतो. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये संपूर्ण खुला झाला; तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, विदर्भातल्या उन्हाने काँक्रीट तापलेले असते, आणि तासन् तास वेग न बदलता गाडी धावते. अशा रस्त्यावर जायचे तर चालकाच्या दाराच्या चौकटीवर जो हवेचा आकडा छापलेला असतो, बहुतेक मोटारींत तो ३० ते ३५ पौंडांच्या आसपास असतो, तेवढी हवा सकाळी टायर थंड असतानाच भरून घ्यावी. माणसे आणि सामान भरपूर असेल तर त्याच पट्टीवर भारासाठी दिलेला वाढीव आकडा पाहावा.

टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे त्याचे वय सांगतात: २३२१ असे असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्यानेही बाद ठरतो, आणि खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत आले की ती मर्यादा आली असे समजावे. धावत्या गाडीचा टायर फुटलाच, तर पहिली ऊर्मी ब्रेक दाबण्याची होते आणि तीच आवरायची असते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडून, गाडी आपल्या वजनाने मंदावू द्यावी आणि मग डावीकडे घ्यावी.

बाकीच्या नित्य निगेविषयी फार विस्ताराची आवश्यकता नाही. इंजिन ऑइल सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकवर पाहावे. ते दुधट दिसले तर पाणी मिसळले आहे असे समजून गाडी चालवू नये. फलकावरचे लाल दिवे थांबण्याचा हुकूम देतात, पिवळे दिवे लवकर दाखवण्याची सूचना देतात, हा भेद घरातल्या प्रत्येक चालकाला ठाऊक असावा. वायपरचे रबर मृगाच्या आधी बदलावे. पावसाळ्यात उंदीर बोनेटमध्ये आसरा घेतात आणि तारा, क्वचित इंधनाच्या नळ्याही, कुरतडतात. तंबाखूची पाने ठेवण्याचा उपाय अनेकजण करतात, परंतु आठवड्यातून एकदा बोनेट उघडून पाहण्याची जागा तो घेऊ शकत नाही. दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, नारळ वाढवतो. यंत्राविषयी कृतज्ञता दाखवण्याचा हा रिवाज मला मनापासून प्रिय आहे, आणि त्याच सकाळी स्टेपनीतली हवा, जॅक, पाना, परावर्तक त्रिकोण आणि विजेरी तपासून पाहिली तर त्या पूजेत काही उणे होणार नाही असे वाटते. गाडीबरोबर मिळणारे माहितीपुस्तक तर बहुतेकांच्या कप्प्यात अस्पर्श पडून असते. पहिल्याने ते एकदा साद्यंत वाचावे, कारण कोणते ऑइल, किती हवा, कोणता फ्यूज, जॅक नेमका कोठे लावायचा, या सगळ्यांचा शेवटचा आधार तेच आहे.

आता गाडी थांबल्यानंतरचा प्रसंग. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर अंतर कापते. समोर काहीतरी उभे आहे हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध चालकालाही एक-दीड सेकंद लागतो, आणि तेवढ्यात तीस-चाळीस मीटर निघून गेलेले असतात. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायची. भरलेल्या ट्रकला तर याहून कितीतरी अधिक अंतर लागते. हा हिशेब ध्यानात घेतला म्हणजे, बंद पडलेल्या गाडीमागे उभे राहून डिकीतले सामान काढणारी, किंवा रहदारीच्या बाजूला बसून चाकाचे नट सोडवणारी माणसे किती अल्प अंतराने जीव वाचवत असतात, याची कल्पना येते. यंत्रातला बिघाड क्वचितच कोणाला मारतो. बिघडलेल्या गाडीजवळ रेंगाळणे मात्र प्राणावर बेतते.

म्हणून गाडी दगा देते आहे असे वाटताच, ती अद्याप घरंगळत असतानाच, तिला डाव्या कडेला आणि शक्य तितके रस्त्याबाहेर न्यावे. वळणावर, पुलावर किंवा बोगद्यात थांबण्यापेक्षा पंक्चर झालेल्या चाकावर दोनशे मीटर पुढे जाऊन चाकाची रिम वाया घालवणे केव्हाही पत्करावे. चारही इशाऱ्याचे दिवे लावावेत, हँडब्रेक ओढावा, चाके कडेच्या दिशेने वळवून ठेवावीत, आणि सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरून लोखंडी कठड्यापलीकडे, गाडीच्या पुढे न थांबता मागच्या अंगाला काही अंतरावर उभे राहावे. मागून धडक बसली तर गाडी पुढे फेकली जाते, हे त्याचे कारण. घाटात कठड्यापलीकडे दरी असेल तर डोंगराच्या भिंतीलगत जागा पाहावी, मात्र पावसाळ्यात सुटे दगड कोठून येतात तेही पाहावे. लहान मुलांचा हात मोठ्यांनी सोडू नये. म्हातारी माणसे उतरू शकत नसतील, किंवा गाडी मधल्या लेनमध्येच बंद पडून बाहेर पाऊल टाकणे अशक्य असेल, तर पट्टे बांधून आत बसून राहावे आणि ताबडतोब मदत मागावी.

परावर्तक त्रिकोण ठेवण्याविषयी थोडे सविस्तर. गावरस्त्यावर तो पन्नास मीटर मागे पुरेसा होतो. वेगवान रस्त्यावर पन्नास मीटर म्हणजे दोन सेकंदांहून कमी, म्हणून तेथे शंभर मीटर किंवा अधिक लागतात. घाटात मोजमाप मीटरचे नाही, वळणाचे असते: त्रिकोण वळणाच्या अलीकडे असा ठेवावा की येणाऱ्याला वळण घेण्यापूर्वीच तो दिसेल. नेताना तो उघडून, चकाकती बाजू येणाऱ्या रहदारीकडे करून, शरीरासमोर धरावा आणि शक्यतो कठड्याच्या पलीकडून चालत जावे. ब्रिटनमधील वाहतुकीची नियमपुस्तिका वेगवान महामार्गावर त्रिकोण ठेवायला जाऊच नका असे बजावते, कारण तेथे चालणे हाच मोठा धोका आहे. आपल्या द्रुतगती मार्गांवरही कडेने सुरक्षित वाट नसेल तर तोच विवेक योग्य ठरेल असे मला वाटते. रात्री गाडीच्या मागे घोळका करून उभे राहण्याची जी सवय आहे तिच्यामुळे मागचे लाल दिवेच झाकले जातात. ती सोडलीच पाहिजे.

आपल्या रस्त्यांवर त्रिकोणाऐवजी झाडाच्या फांद्या आणि दगड मांडण्याची रीत फार जुनी आहे. फांदी निदान लवचीक असते. दगडांची ओळ मात्र मोटारसायकलस्वाराला काळोखात दिसत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ट्रक दुरुस्त होऊन निघून गेल्यावर ते दगड तेथेच राहतात, पुढच्या कित्येक रात्री. चाकाला अडसर म्हणून दगड वापरणे घाटात आवश्यकच असते. परंतु निघताना ते उचलून कडेला टाकणे हे ज्याने ठेवले त्याचेच काम आहे, आणि यात कसूर करणाऱ्याला मी कोणत्याही सबबीवर माफ करू शकत नाही.

राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कोणत्याही आणीबाणीत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक फोनमध्ये असावेत. द्रुतगती आणि समृद्धी या राज्याच्या मार्गांवरचे मदत क्रमांक तेथल्या फलकांवर लिहिलेले असतात. मदत मागताना कडेच्या किलोमीटर दगडावरचा आकडा आणि कोणत्या बाजूने चाललो होतो, मुंबईकडे की पुण्याकडे, हे दोन्ही सांगावे; दुभाजक असलेल्या रस्त्यावर बाजू चुकली तर मदतीच्या गाडीला कितीतरी मैलांचा वळसा पडतो. रहदारीच्या बाजूचे चाक वेगवान रस्त्यावर स्वतः बदलू नये. इतरत्र बदलायचे झाल्यास सपाट व टणक जागा, तिरक्या समोरच्या चाकाला अडसर, जॅक लावण्याआधी नट थोडे सैल करणे आणि उचललेल्या गाडीखाली अंगाचा कोणताही भाग न घालणे, एवढे पथ्य पाळावे. आणखी एक: पावसाळी धुक्यात घाट चढता-उतरताना चारही इशाऱ्याचे दिवे लावून गाडी चालवण्याची प्रथा वाढली आहे. ते दिवे थांबलेल्या वाहनाचे आहेत. चालत्या गाडीवर ते लागले की मागच्याला गाडी उभी आहे की चालू, डावीकडे वळणार की उजवीकडे, काहीच उमगत नाही. धुक्यात साधे दिवे खाली करून, अंतर वाढवून चालावे.

पाण्याचा प्रसंग घाटापेक्षा शहरात अधिक येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्या दिवशी मुंबईत काही माणसे बंद काचांच्या गाड्यांत अडकून मृत्यू पावली. चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी असलेल्या रस्त्यात गाडी घालूच नये. पाण्यात इंजिन बंद पडले तर ते पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे आतला दांडा वाकतो आणि सबंध इंजिन निकामी होते, ज्याची भरपाई विम्यात तसे जादा कलम घेतले नसेल तर बहुधा मिळत नाही. पाणी वाढू लागले की विजेवर चालणाऱ्या काचा चालू आहेत तोवर त्या उघडाव्यात, पट्टे सोडावेत, मुलांना आधी बाहेर द्यावे आणि गाडी सोडून उंच जागी जावे. काच उघडेना तर समोरची काच फोडण्यात शक्ती घालवू नये, ती थरांची असते. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टणक, टोकदार वस्तूने आघात करावा. अशी छोटी हातोडी चालकाच्या हाताशी असावी, डिकीत नसावी. बोनेटमधून धूर किंवा ज्वाळा आल्यास मात्र बोनेट पूर्ण उघडू नये, हवा मिळून आग भडकते. इंजिन बंद करून सर्वांनी दूर जावे, आणि अग्निशामक असेल तरच त्याची फवारणी किंचित फटीतून करावी.

गाडी हलवण्याची वेळ येते तेव्हा टोचन लावून ओढत नेण्यापूर्वी तिचा प्रकार पाहावा. ऑटोमॅटिक आणि विजेवरची गाडी चाकांवर ओढली तर गिअरबॉक्स किंवा मोटार बिघडू शकते, म्हणून ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. विजेच्या गाडीतल्या नारिंगी तारांना जाणत्याखेरीज कोणी स्पर्श करू नये. दोरीने ओढताना इंजिन बंद असलेल्या गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग फार जड लागतात, हे मागच्या चालकाला आधी सांगावे; घाटाच्या उतारावर तर दोरीचा प्रयोग करूच नये.

रस्त्यात दुसऱ्याची गाडी थांबलेली दिसली तर मदतीची इच्छा असणारा मनुष्यही पूर्वी पोलीस-कोर्टाच्या भयाने पुढे निघून जाई. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा साहाय्यकांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ दाखल झाले: अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मदतीस थांबणाऱ्याने आपली गाडी बिघडलेल्या गाडीच्या शेजारी उभी न करता पुढे नेऊन रस्त्याबाहेर लावावी, स्वतःही कठड्यापलीकडून चालत यावे, आणि तिथे पोहोचल्यावर 'काय बिघडले' हे विचारण्याआधी सगळी माणसे गाडीबाहेर आली आहेत की नाहीत ते पाहावे.